मिठाची रेघ आणि हेलियमची रेघ

आमच्या भौतिकशास्त्र अधिवेशनाच्या तयारीची पहिली बैठक झाली तेव्हा मी चहा आणायला बाहेर गेलो होतो. परत आलो तोवर ‘जनतेसाठी भौतिकशास्त्र’ या दिवसाची जबाबदारी माझ्या नावावर लिहून झाली होती. महाविद्यालयात कामं अशीच वाटली जातात, त्यात नवल नाही. पहिले दोन दिवस शोधनिबंध, चर्चासत्रं, जेवणात सोलकढी आणि बाहेरगावच्या पाहुण्यांची समुद्रावर एक चक्कर. तिसरा दिवस, रविवार, गावातल्या लोकांसाठी. फेब्रुवारीचा शेवट म्हणजे विज्ञान दिनाचा आठवडाही साधत होता. माझ्या समितीत एक मी, दुसरे लॅबमधले भाऊ. तिसरं नाव होतं, पण ते ज्यांचं होतं त्यांच्या आंब्याला त्याच आठवड्यात फवारणी होती.

आधी वाटलं, कार्यक्रम विजयदुर्ग किल्ल्यावरच करू. तटावर दुर्बिणी लावायच्या, खाली समुद्र, वर तारे. पण संरक्षित स्मारकात असा कार्यक्रम करायचा तर आधी रीतसर परवानगी लागते आणि आमचा अर्जच निघाला तीन आठवडे अगोदर. चूक आमची. मग वाघोटण खाडीच्या काठच्या एका गावातल्या शाळेचं मैदान ठरलं. ते ठरल्यावर कळलं की त्या रविवारी तिथे क्रिकेटचे सामने आहेत. कोकणात फेब्रुवारीत रिकामं मैदान शोधणं म्हणजे शिमग्यात रिकामा ढोल शोधण्यासारखं आहे. मंडळाच्या पोरांशी बोललो. अंतिम सामना दुपारी चारपर्यंत संपवू, म्हणाले, आणि वर खांबांवरचे दिवेही तुम्हाला ठेवू. दिवे नकोत, अंधार हवाय, असं सांगितल्यावर त्यांनी माझ्याकडे जरा संशयानेच पाहिलं.

तयारीला महिना गेला. नववीच्या मुलांनी अगरबत्तीच्या खोक्यांतून जुन्या सीडीचे तुकडे बसवून, उजेड रंगांत फोडून दाखवणारे साठ वर्णपटदर्शक तयार केले. एका टोकाला ब्लेडच्या दोन पात्यांमधली फट, दुसऱ्या टोकाला तिरपी सीडी आणि वर डोळा लावायला भोक. सुंदर चालायचे. अडचण वेगळीच निघाली. ट्यूबलाइटकडे पाहिलं की हिरवी, निळी, जांभळी अशा सुट्या रेघा दिसायला हव्यात, कारण आत पाऱ्याची वाफ असते आणि प्रत्येक मूलद्रव्याच्या रेघा ठरलेल्या असतात. पण आता घरोघरी एलईडी. तिच्या उजेडात नुसता रंगांचा सलग पट्टा दिसतो, रेघ औषधालाही नाही. शेवटी एका विद्यार्थिनीच्या माळ्यावरून चोकसकट जुनी ट्यूबलाइट उतरवली. तिच्या आजीने ती ‘कधीतरी लागेल’ म्हणून ठेवली होती.

फ्लेक्स मात्र वेळेआधी छापून आला होता. आठ फूट बाय चार फूट, मागे किल्ल्याचा फोटो, पुढे लाल अक्षरांत: ‘हेलियमचा शोध इथेच लागला – विजयदुर्ग, १८६८’. मजकूर माझाच. ही गोष्ट मी वर्गात अठरा वर्षं सांगत आलो आहे. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास सूर्यग्रहण, किल्ल्यावर आलेला इंग्रज शास्त्रज्ञ लॉकियर, त्याने दुर्बीण ठेवायला बांधलेले ओटे, सूर्याच्या ज्वाळांत दिसलेली अनोळखी पिवळी रेघ. ‘साहेबाचे ओटे’ आजही दाखवतात. पोरांना ओट्यांवर उभं करून मी फोटोसुद्धा काढले आहेत.

शनिवारी संध्याकाळी पुण्याहून एक तरुण संशोधक तिची दुर्बीण घेऊन आली. फ्लेक्स वाचून थोडा वेळ गप्प राहिली. मग इतक्या हळू आवाजात विचारलं की मला आधी वाटलं चहाबद्दल काही विचारते आहे. ‘सर, १८६८ साली लॉकियर लंडनमध्ये होते ना?’

मी म्हटलं, नाही, इथे होते. आणि म्हणता म्हणताच कळलं की हे मी कुठे वाचलेलं नाही, फक्त ऐकलेलं आहे आणि सांगितलेलं आहे.

त्या रात्री अतिथीगृहाच्या ओसरीवर बसून तिने तिच्याकडची कागदपत्रं दाखवली. १८६८ मध्ये नॉर्मन लॉकियर लंडनला युद्धखात्यात कारकून होता आणि फावल्या वेळात सूर्य पाहायचा. ग्रहण नसतानाही सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळा वर्णपटात पकडता येतील असं त्याच्या डोक्यात होतं, पण त्यासाठी सांगितलेलं यंत्र त्याच्या हाती पडायला ऑक्टोबर उजाडला. २० ऑक्टोबरला त्याने ज्वाळांच्या रेघा पाहिल्या, घराजवळून. इकडे १८ ऑगस्टला आंध्रात गुंटूरला फ्रेंच शास्त्रज्ञ यान्सेन ग्रहण पाहत होता. ज्वाळांच्या रेघा इतक्या तेजस्वी होत्या की ग्रहण सुटल्यावरही त्या दिसतील असं त्याच्या मनात आलं आणि दुसऱ्या दिवशी लख्ख उन्हात त्याने त्या पाहिल्याही. दोघांची पत्रं पॅरिसच्या अकादमीपुढे एकाच दिवशी आली. पुढे फ्रान्सने एका पदकावर दोघांचे चेहरे कोरले.

ग्रहणाची सावली मात्र आपल्यावरूनच गेली होती. अरबी समुद्रावरून आली, कोकण किनारा ओलांडून घाटावर चढली. तिकडे जमखंडीला, म्हणजे पटवर्धनांच्या संस्थानात, लेफ्टनंट जॉन हर्शेल ढगांच्या फटींतून पाहत होता. प्रसिद्ध खगोलज्ञ हर्शेलचा हा मुलगा. त्याला तीन रेघा दिसल्या: तांबडी, नारिंगी, निळी. नारिंगी रेघ त्याला सोडियमचीच वाटली. वाटणारच. सोडियमची पिवळी जोडरेघ ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरला पडते, ही ५८७.६ ला. ती सोडियमची नाही हे लॉकियरने पुढे मोजून ठरवलं आणि पृथ्वीवर ठाऊक नसलेल्या त्या मूलद्रव्याला सूर्याच्या ग्रीक नावावरून हेलियम म्हटलं.

‘मग ओटे?’ मी विचारलं. खरं सांगायचं तर तेवढीच काय ती आशा उरली होती.

लॉकियर विजयदुर्गला आला होता. पण २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. मेल्पोमिनी नावाच्या युद्धनौकेवरचे खलाशी त्याच्या मदतीला होते. त्याआधी १८७१ च्या डिसेंबरातही तो हिंदुस्थानात येऊन गेला होता, तेव्हा मुक्काम केरळातल्या बेकल किल्ल्यावर. म्हणजे साहेब खरा, किल्ला खरा, ग्रहण खरं, फक्त दोन ग्रहणांची एक गोष्ट झाली. त्यात भर म्हणजे ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ रॅम्झेने १८९५ मध्ये एका खनिजातून हेलियम वेगळा काढला होता. लॉकियर विजयदुर्गला उतरला तेव्हा त्याचा हेलियम पृथ्वीवर सापडून तीन वर्षं होत आली होती.

रात्री झोप लागली नाही. चूक झाली याचं इतकं वाटलं नाही, चुका होतात. अठरा वर्षांत माझ्या एकाही विद्यार्थ्याने ‘सर, हे कुठे लिहिलंय?’ असं विचारलं नव्हतं आणि त्यांनी विचारावं असं मी कधी वागलोही नव्हतो, हे टोचत राहिलं.

सकाळी फ्लेक्सवरून वाद झाला. आयोजकांपैकी एकांचं म्हणणं, राहू दे, लोकांना बरं वाटतं, उद्घाटनाला सरपंच येणार आहेत, गावाचा अभिमान कशाला दुखवायचा? दुसऱ्यांचं म्हणणं, छपाईचे पैसे गेलेत. पहिला मुद्दा मला पटला नाही, दुसरा पटला. शेवटी भाऊंनी फ्लेक्स उलटा केला, पाठीमागच्या पांढऱ्या बाजूवर मार्करने ‘सूर्यात काय आहे? पाहायला या’ असं लिहिलं आणि सुपारीच्या दोन झाडांमध्ये बांधून टाकला. ऊन पडलं की मागची लाल अक्षरं उलटी दिसायची, ‘१८६८’ तर ठळक. मी दिवसभर त्याकडे पाठ करून उभा राहिलो.

दुपारचे कार्यक्रम कसे झाले ते थोडक्यात सांगतो. व्हॅन डी ग्राफ जनित्र, म्हणजे धातूच्या गोळ्यावर स्थिर वीज साठवणारं यंत्र, सपशेल नापास झालं. कॉलेजात दुपारी बारा वाजता त्याने ठिणगी दिली होती. खाडीकाठी चारनंतर खारा वारा सुटला आणि गोळ्यावर जमेल तेवढा विद्युतभार दमट हवेत निघून जाऊ लागला. हेअर ड्रायरने पट्टा वाळवला, खाली शंभरचा बल्ब लावला, काही उपयोग नाही. शेवटी एका मुलीला गोळ्यावर हात ठेवायला लावलं, तरी केस उभे राहीनात. तिची आई म्हणाली, ‘सर, डोक्यात खोबरेल चापून घातलंय, वीज काय करील?’ हे यंत्र किनाऱ्यावर आणायचंच नव्हतं. पाठ्यपुस्तक लिहिणारे बहुधा किनाऱ्यापासून लांब राहत असावेत.

जेटीवर पोलरॉइडचे तुकडे ठेवले होते. पाण्याकडे तिरपं पाहत तुकडा फिरवायचा, एका स्थितीत पृष्ठभागावरची चकाकी विझते आणि आतलं पाणी दिसतं. १९२१ साली रामन बोटीने परत येताना असंच, पोलरॉइडचंच काम करणाऱ्या निकोल प्रिझममधून समुद्र पाहत आले होते. समुद्राचा निळा रंग म्हणजे नुसतं आकाशाचं प्रतिबिंब नव्हे, हे सांगणारं त्यांचं पत्र त्यांनी मुंबई बंदरातूनच धाडलं. आमच्या खाडीचं पाणी काही निळं नाही, गढूळ हिरवं. पण खडक दिसला, त्यावरचे कालव दिसले. एक तांडेल अर्धा तास तो तुकडा सोडायला तयार नव्हता. शेवटी तो देऊनच टाकला.

भरतीच्या टेबलावर आमच्या एका प्राध्यापकाने पृथ्वी-चंद्राचे गोल मांडून भरती-ओहोटी समजावून सांगितली. त्याच तांडेलाने ते शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, आम्ही तिथीची पाऊणपट करतो. षष्ठीला साडेचार, अष्टमीला सहा, ती भरतीची वेळ. प्राध्यापक हसले, मग थांबले, मग खिशातून पेन काढलं. पंधरा तिथींत भरती बारा तास पुढे सरकते, म्हणजे तिथीमागे अठ्ठेचाळीस मिनिटं. पाऊण तास म्हणजे पंचेचाळीस. होडीत उभ्या उभ्या हिशेब करायचा तर तीन मिनिटांसाठी कोण अडतं?

सहा वाजता मुख्य व्याख्यान. गुरुत्वीय लहरींवरचं. वक्ते मोठे, पण स्लाइड बावन्न. चाळिसाव्या मिनिटाला मागच्या रांगा हलू लागल्या. मग या लहरी टिपणारी अशीच एक वेधशाळा आपल्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ उभी राहते आहे, असं ते बोलता बोलता म्हणाले आणि उठलेली माणसं परत बसली. एकाने विचारलं, ‘तिच्या चार किलोमीटरच्या नळीत जमीन कोणाकोणाची गेली?’ मला तो प्रश्न त्या संध्याकाळचा सगळ्यात चांगला प्रश्न वाटला. वक्त्यांना उत्तर देता आलं नाही.

सातला अंधार झाला आणि माझं टेबल सुरू झालं.

कॉलेजातला स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे वर्णपटातल्या रेघांची जागा मोजणारं यंत्र, आणला होता, इंचाला पंधरा हजार चऱ्यांचं, उजेड रंगांत फोडणारं ग्रेटिंग बसवून. फटीसमोर दोन वस्तू. डावीकडे स्पिरिटचा दिवा, त्याच्या ज्योतीत लोखंडी तारेच्या फासावर शिरोड्याच्या मिठागरातल्या खडेमिठाची पूड. उजवीकडे हेलियमची डिस्चार्ज ट्यूब, एका ओळखीच्या कॉलेजातून मागून आणलेली. ट्यूब लावली की फिकट पिवळसर गुलाबी झळाळते. कृती साधी. भाऊ मीठ जाळतात, मी दुर्बिणीतली उभी तार मिठाच्या पिवळ्या रेघेवर नेमकी आणून ठेवतो. मग भाऊ दिवा झाकतात, ट्यूब फटीसमोर सरकवतात, मी बटण दाबतो. पिवळी रेघ पुन्हा येते, पण तारेवर नाही. केसभर बाजूला. हिशेब केला तर हा फरक चार मिनिटांच्या कोनाहूनही कमी, म्हणजे एका अंशाचा पंधरावा हिस्सासुद्धा नाही. सूर्यात नवीन काहीतरी आहे हे कळलं ते एवढ्याशा फटीतून.

रांग लांब होती. लहान मुलांचा डोळा पोचेना म्हणून आंब्याची रिकामी पेटी पायाखाली दिली. पहिल्या वीस-पंचवीस जणांनी डोळा लावला, ‘दिसलं दिसलं’ म्हणाले आणि पुढे गेले. मला शंका आली. आपल्याकडे माणसं मास्तराला वाईट वाटू नये म्हणूनही ‘दिसलं’ म्हणतात. पुढच्या बाईंना विचारलं, ‘रेघ तारेच्या कुठल्या बाजूला सरकली?’ त्या गोंधळल्या. त्यांना रेघ दिसलीच नव्हती, नुसता काळोख आणि स्वतःच्या पापण्या. डोळा अर्धा इंच मागे घ्यायला सांगितलं, मग ‘अग्गोबाई’ आलं. तेव्हापासून बाजू सांगितल्याशिवाय कुणाला पुढे सोडलं नाही. रांग दुप्पट मंद झाली, माणसं कमी झाली, दोनशेच्या आत. त्या दोनशेंना मात्र दिसलं.

मध्ये वीस मिनिटं लाइट गेली. ट्यूब विझली, मीठ जळत राहिलं. रांगेतले लोक वर पाहू लागले, पुण्याची ती मुलगी मृगाच्या पायाकडचा व्याध दाखवत फिरली. कुणी घरी गेलं नाही.

आणि मग त्या आबांचा नंबर आला. पांढरं धोतर, खांद्यावर टॉवेल, वय ऐंशीच्या पुढे. डोळा लावला, बाजू बरोबर सांगितली आणि म्हणाले, ‘ही मिठाची, मगे ती दुसरी खयची?’ मी हेलियम म्हटलं. ‘म्हणजे आमच्या किल्ल्यावर साहेबान बघल्यान ती?’

इथेच सांगायचं होतं. मागे दहा-बारा जण ऐकत होते, त्यात सरपंचही. मी दोन्ही ग्रहणांची गोष्ट सांगितली, तारखांसकट. गुंटूर सांगितलं, जमखंडी सांगितलं, लंडन सांगितलं. मी इतकी वर्षं चुकीचं शिकवत होतो हेही सांगितलं. कुणी काही बोललं नाही. सरपंचांचा चेहरा पडला असावा, अंधारात नीट दिसलं नाही. मग आबांनी विचारलं, ‘अठरा ऑगस्ट म्हणजे तेव्हा म्हैनो खयचो?’

श्रावण, मी म्हटलं. श्रावणातली अमावास्या.

आबा हसले. ‘श्रावणात सूर्य खय गावतलो हो त्या सायबाक? आमका गावना नाय!’

सगळे हसले, सरपंचसुद्धा. मला हसू आलं नाही. लंडन, पॅरिस, खात्यातली कागदपत्रं, सगळं बाजूला. भर पावसाळ्यात विजयदुर्गच्या तटावर दुर्बीण लावून कोण बसेल? जानेवारीतलं निरभ्र आकाश सोडून? एवढा साधा प्रश्न मी कोकणात जन्मून मला कधी पडला नव्हता. दरवर्षी श्रावणात वाळत घातलेले कपडे आत घेत होतो आणि वर्गात १८ ऑगस्टचं ग्रहण किल्ल्यावरून दाखवत होतो.

जाताना आबांनी २२ जानेवारी १८९८ ही तारीख कागदावर लिहून मागितली, मोठ्या अक्षरांत. त्यांचा नातू किल्ल्यावर पर्यटकांना माहिती सांगतो, त्याला द्यायची होती. मी मिठाच्या पुडीचाच कागद फाडून त्यावर लिहून दिली, सोबत ‘मेल्पोमिनी’ हे बोटीचं नावही. भाऊंनी पेटी उचलली, ट्यूब कापसात गुंडाळली. फ्लेक्स सोडवताना वाऱ्याने उलटा झाला आणि लाल अक्षरं पुन्हा वर आली. तशीच गुंडाळी करून गाडीत टाकली.

महिन्याभराने शिमग्याला त्या बाजूला गेलो तेव्हा नातू भेटला. मुंबईच्या एका कुटुंबाला साहेबाच्या ओट्यांपाशी घेऊन उभा होता आणि ‘अठराशे अडुसष्ट’ म्हणत होता. मला पाहून थबकला. नंतर बाजूला येऊन म्हणाला, ‘सर, आबांनी दिलेला कागद आहे माझ्याकडे. पण अठ्ठ्याण्णव सांगितलं की लोक म्हणतात, मग हेलियमचं काय? आणि तुमची मिठाची रेघ काय माझ्याकडे नाही दाखवायला.’

मी त्याला अगरबत्तीच्या खोक्यातला एक वर्णपटदर्शक पाठवायचं कबूल केलं. त्यातून मीठ आणि हेलियम वेगळे दिसायचे नाहीत, हे त्याला सांगितलं. चालेल म्हणाला. जमखंडीच्या साहेबालाही कुठे वेगळे दिसले होते?